केळे वगळून, साखर आवरून : घरच्या स्मूदीचा हिशेब

(संस्थेच्या आरोग्यविषयक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





आजच्या विषयाचे नाव फळ्यावर लिहिले तेव्हा मागच्या रांगेत थोडी खसखस पिकली. केळे नसलेली, कमी साखरेची स्मूदी हा काय व्याख्यानाचा विषय आहे, असे काहींना वाटले असेल. आम्ही पेशाने बँकेतील कारकून, शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर. डॉक्टर नाही, आहारशास्त्राचे पंडित तर नाहीच नाही. परंतु आकडे जुळवणे हे आमचे रोजचे काम आहे आणि हा विषय मुळात आकड्यांचाच आहे. पेल्यात काय जमा होते आणि शरीराच्या खात्यावर काय नावे पडते, एवढाच हिशेब आपण आज मांडणार आहोत.

प्रथम स्मूदी म्हणजे काय ते पाहू. फळ, दूध किंवा दही आणि थोडे पाणी अथवा बर्फ एकत्र घुसळून केलेले दाट पेय म्हणजे स्मूदी. शब्द अमेरिकेतून आला. तिकडे १९३० च्या दशकात विजेवर चालणारी घुसळणी यंत्रे घराघरांत जाऊ लागली आणि असल्या पेयांचा प्रसार झाला. आपल्याकडे १९६० च्या दशकात मुंबईत ‘सुमीत’ मिक्सर तयार झाला आणि पाट्यावरचे काम बटणावर आले. म्हणजे यंत्र नवे, शब्द नवा. पण वस्तू? शिकरण आपल्या घरात नव्हते का? पीयूष, मठ्ठा, आंबील, पन्हे ही सगळी आपलीच मंडळी.

त्याहून जुना दाखला हवा असेल तर पाली विनयपिटकातील महावग्ग पाहावा. भिक्खूंना घेण्यास अनुज्ञा दिलेली आठ पेये त्यात सांगितली आहेत. त्यांत आंब्याचे आहे, जांभळाचे आहे, द्राक्षाचे आहे, फालशाचे आहे, मोहाचे आहे, कमळकंदाचे आहे. उरलेली दोन? ती दोन्ही केळ्याची आहेत. एक बी असलेल्या केळ्याचे आणि एक बी नसलेल्या केळ्याचे. तेव्हा केळ्याच्या पेयाला आपल्याकडे केवढी जुनी परंपरा आहे हे ध्यानात यावे. केळ्याशी आमचे वैर नाही. जळगाव, रावेर, यावलच्या शेतकऱ्याने पिकवलेले केळे हे गरिबाचे उत्तम फळ आहे. स्वस्त आहे, बारमाही आहे, निसर्गानेच सालीत गुंडाळून दिलेले आहे.

मग ते वगळायचे कशासाठी? याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण मधुमेह. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा आता श्रीमंतांचा आजार उरलेला नाही. पेन्शनच्या दिवशी आमच्या काउंटरसमोर जी रांग लागते, तिच्यात गोळ्यांची पिशवी जवळ नसलेला माणूस शोधावा लागतो.

दुसरे कारण मूत्रपिंडाचा आजार. १०० ग्रॅम केळ्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असते. निरोगी माणसाला ते हितकारक. पण ज्याचे मूत्रपिंड थकले आहे त्याच्या रक्तात ते साचते आणि हृदयाला धोका होतो. म्हणून डॉक्टर अशा रुग्णांना केळे बंद करतात. तिसरे कारण ॲलर्जी. रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी असणाऱ्या काहींना केळेही सोसत नाही, आणि त्यांपैकी काहींना पपईदेखील सोसत नाही. याखेरीज ज्याला केळ्याचा वासच आवडत नाही असा एखादा प्रत्येक घरात असतोच. त्याचे कारण विचारू नये.

आता हिशेब मांडू. घरी केलेला केळ्याचा नेहमीचा मोठा पेला घ्या. सोललेली दोन केळी, म्हणजे २०० ग्रॅम गर. पिकलेल्या केळ्यात १०० ग्रॅममागे सुमारे १२ ग्रॅम साखर असते. झाले २४ ग्रॅम. २०० मिलिलिटर दूध. दुधाची स्वतःची साखर असते, ती सुमारे १० ग्रॅम. वरून दोन चमचे साखर घातली, ती १० ग्रॅम. बेरीज ४४ ग्रॅम. म्हणजे चहाचे जवळजवळ नऊ चमचे! कुणी चहात नऊ चमचे साखर घालू लागला तर आपण त्याचा हात धरू. पण हेच पेल्यात आले की आपण त्याला ‘पौष्टिक’ म्हणतो आणि आजोबांच्या हाती देतो.

यावर सुज्ञ लोक म्हणतील, साखरेऐवजी गूळ घालू, मध घालू, खजूर घालू. विचार चांगला आहे. पण आकडे पाहा. मधात शेकडा ८० च्या आसपास साखरच असते. गुळात त्याहून अधिक. खजुरात शेकडा ६० च्या वर. रंग बदलला, वास बदलला, रक्तातली वाढ तीच राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी शिफारस केली, तिच्यात वरून घातलेल्या साखरेबरोबर मध आणि फळांचा रस यांतील साखरही मोजली आहे. ही सगळी मिळून दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत आणावी, असे ती संघटना सांगते. साधारण माणसाच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, पाच-सहा चमचे. त्यात सकाळ-संध्याकाळचा चहाही आला.

इथे आमच्या घरची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमच्या आईला मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली. सकाळी दूध-केळे घुसळून घेण्याची तिची सवय त्याहून जुनी. दात गेलेले, भाकरी चावत नाही, नाश्ता म्हणून तो पेलाच तिचा आधार. डॉक्टरांनी सांगितले, हा पेला बंद. सांगणाऱ्याचे काम तिथे संपते. पण घरच्यांचे? सत्तरी ओलांडलेल्या माणसासमोरून पेला उचलायचा, तर त्या जागी दुसरे काही ठेवावे लागते. नुसते ‘नको’ म्हणून चालत नाही. आजारी माणसाला जे जे आवडते ते एकेक करून काढून घेत गेलो, तर शेवटी त्याच्या ताटात पथ्य उरते, जेवण उरत नाही. तिने तर दोन दिवस काहीच घेतले नाही. आम्ही घरची मंडळी स्वयंपाकघरात बसलो ती या निकडीने. पुढे जे सांगतो आहोत ते तिथून आलेले आहे.

कोणतीही वस्तू बदलायची तर ती काय काय काम करत होती हे आधी पाहावे लागते. कचेरीत एक माणूस निवृत्त झाला की कळते, तो चार टेबलांचे काम पाहत होता. केळ्याचे तसेच आहे. ते पेल्यात चार कामे करते. एक, गोडी देते. दोन, दाटपणा देते. तीन, पाणी आणि गर वेगळे होऊ देत नाही. चार, दह्याचा वा दुसऱ्या फळाचा आंबटपणा झाकते. ही चार कामे चार जणांत वाटून द्यायची, एवढेच कौशल्य.

दाटपणाला सर्वांत चांगला पर्याय म्हणजे लाल भोपळा. हसू नका. १०० ग्रॅम भोपळ्यात साखर ३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे केळ्याच्या चौथा हिस्सा. वाफवून, गार करून घुसळला की अगदी लोण्यासारखा होतो. दुसरा पर्याय दह्याचा चक्का. दही फडक्यात बांधून तीन-चार तास टांगावे. तिसरा पर्याय सब्जा. चमचाभर सब्जा पाण्यात पंधरा-वीस मिनिटे फुगवावा. वयस्कर माणसांना आणि लहान मुलांना तो पूर्ण फुगल्याखेरीज देऊ नये, घशात अडकण्याचे भय असते. चौथा पर्याय भिजवलेले शेंगदाणे किंवा बदाम, आठ-दहा पुरेत.

ओट किंवा नाचणीची आंबील घालूनही दाटपणा येतो. मात्र इथे एक सावधगिरी हवी. नाचणीत साखर नगण्य असली तरी पिष्ट भरपूर असते आणि पिष्टाचीही पोटात साखरच होते. म्हणून पेल्याला मोठा एक चमचा पीठ, त्याहून जास्त नाही. कमी साखर म्हणजे कमी पिष्ट नव्हे, हे विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावे.

गोडीचे काम कोणी करायचे? थोडे फळ करील, बाकीचे वासावर सोपवावे. वेलची, दालचिनी, बडीशेप, जायफळ यांची चिमूट घातली की जिभेला गोडाची आठवण होते, कारण हे वास आपण जन्मभर गोड पदार्थांत घेतलेले आहेत. चिमूटभर मीठ घातले तर तुरटपणा आणि कडवटपणा मागे हटतो आणि असलेली गोडी पुढे येते. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी मिठाचा हात आवरावा.

आता प्रत्यक्ष पेले. प्रमाण एका माणसाचे आहे.

पहिला पेला पपईचा. पिकलेली पपई १०० ग्रॅम, दही १०० ग्रॅम, अर्धी वाटी पाणी, एक वेलची. पपईची साखर ८ ग्रॅम, दह्याची सुमारे ५, एकूण १३. हा पेला केला की लगेच प्यावा. पपईत पपेन नावाचे द्रव्य असते, ते दुधा-दह्यातील प्रथिने फोडते आणि तासाभराने पेय कडवट होऊ लागते. सकाळी करून डब्यात न्यायचे असेल तर पपई घेऊ नये.

दुसरा पेला भोपळ्याचा. वाफवलेला लाल भोपळा १०० ग्रॅम, साय काढलेले दूध १०० मिलिलिटर, तितकेच पाणी, दालचिनीची चिमूट आणि चार भिजवलेले बदाम. साखर ८ ग्रॅमच्या आसपास. शिकरणाच्या सर्वांत जवळ जाणारा पेला हाच.

तिसरा पेला पेरूचा. एक मध्यम पेरू, पातळ ताक, भाजलेल्या जिऱ्याची पूड. पेरूत १०० ग्रॅममागे साखर ९ ग्रॅम आहे. पण चोथा ५ ग्रॅमच्या वर आहे आणि ‘क’ जीवनसत्त्व संत्र्याच्या चौपट आहे. बिया कठीण असतात, म्हणून मिक्सर थोडाच वेळ फिरवावा आणि मोठ्या भोकांच्या गाळणीतून गाळावे, म्हणजे बिया जातात आणि गर राहतो.

चौथा पेला उन्हाळ्याचा. काकडी १०० ग्रॅम, अर्धी वाटी दह्याचे ताक, पुदिन्याची पाने, मिळाल्यास आवळ्याचा तुकडा. साखर सगळी मिळून ५ ग्रॅमच्या आसपास. पाचवा पेला पावसाळ्याच्या तोंडाचा: पंधरा-वीस जांभळांचा गर, दही, फुगवलेला सब्जा. जांभळाच्या बिया आधी काढाव्यात. थंडीत महाबळेश्वर-पाचगणीकडची स्ट्रॉबेरी आली की तीही घ्यावी. १०० ग्रॅममध्ये साखर ५ ग्रॅमच. उलट आंबा, चिकू, सीताफळ, द्राक्षे ही केळ्याच्या बरोबरीची किंवा वरचढ. केळे काढून त्याच्या जागी चिकू घालणे म्हणजे एका खात्यातले कर्ज दुसऱ्या खात्यात टाकणे.

कृतीबद्दल दोन शब्द. आधी फळ आणि दही पाण्याच्या थेंबाशिवाय फिरवावे, गुठळ्या मोडल्या की मग पाणी घालावे. आरंभीच सगळे पाणी ओतले तर तुकडे पात्यांना चुकवत फिरत राहतात. फ्रीज असेल तर भोपळा वा पपईचे तुकडे गोठवून ठेवावेत. बर्फाशिवाय गारवा आणि दाटपणा दोन्ही मिळतात. वसतिगृहातल्या मुलांकडे मिक्सर नसतो. त्यांनी पपई काट्याने कुस्करावी, दही घालावे आणि झाकणाच्या बरणीत घालून दोन मिनिटे हलवावे. हात दुखेल, पण रिकाम्या पोटी तासाला बसण्यापेक्षा ते बरे.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे, पेयावर ‘कमी साखर’ असे छापायचे तर १०० मिलिलिटरमध्ये अडीच ग्रॅमहून जास्त साखर असता कामा नये. या कसोटीला आमचा काकडीचा पेला उतरतो. पपईचा उतरत नाही. तो पूर्वीच्या पेल्याच्या मानाने कमी साखरेचा आहे, इतकेच. दुकानातल्या बाटलीवर ‘साखर घातलेली नाही’ असे वाचून फसू नये. घातलेली नाही याचा अर्थ आत नाही असा होत नाही. मागचा तक्ता वाचावा. छापील मजकूर वाचण्यासाठीच तर आपण शिकलो.

दुसरे असे की चावून खाल्लेले फळ प्यालेल्या फळापेक्षा केव्हाही बरे. तीन पेरू चावायला घेतले तर दुसऱ्यालाच जबडा थकतो. मिक्सरमध्ये तिन्ही अर्ध्या मिनिटात जातात आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचण्याआधी पेला रिकामा होतो. ब्रिटनमध्ये सरकारी सल्ला असा आहे की फळांचा रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरच्या वर घेऊ नये. तेव्हा दात शाबूत आहेत त्यांनी फळ चावून खावे. पेला हा ज्यांना चावता येत नाही, ज्यांची भूक गेली आहे किंवा ज्यांना सकाळी वेळ नाही त्यांच्यासाठी.

तिसरी गोष्ट मूत्रपिंडाच्या रुग्णांची. केळे गेले म्हणजे पोटॅशियम गेले असे नाही. पेरूत ते केळ्याहून अधिक आहे. भोपळ्यात आहे, दुधा-दह्यात आहे, नारळपाण्यात आहे. त्यांनी आमच्या यादीवर विसंबू नये. आपल्या डॉक्टरांना विचारूनच पेला भरावा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती कृपया नीट ऐकावी. यातला कोणताही पेला औषध नाही. जांभळाच्या नावावर गोळ्या बंद करू नयेत. आणि इन्शुलिन वा गोळ्या घेणाऱ्या माणसाची साखर कधी एकाएकी खाली गेली, घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले, तर त्या क्षणी ‘याला साखर चालत नाही’ असे म्हणत कमी साखरेचा पेला देणे जिवावर बेतू शकते. त्या वेळी साखरच द्यायची असते. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. घरातल्या शाळकरी मुलामुलींनाही हे ठाऊक असावे, कारण दुपारी आजी-आजोबांजवळ घरी तेच असतात.

आमच्या आईचे काय झाले, असे आपण विचाराल. भोपळ्याचा पेला तिने पहिल्या दिवशी वास घेऊन बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी जायफळ घातले, तेव्हा अर्धा घेतला. आता आठवड्यात चार दिवस भोपळा, दोन दिवस पपई आणि एक दिवस, डॉक्टरांच्या संमतीने, जेवणाबरोबर अर्धे केळे खायला मिळते. तिच्या गोळ्या सुटलेल्या नाहीत आणि सुटतील असे आम्ही सांगणार नाही. पण ४४ ग्रॅमच्या जागी १३ ग्रॅमचा पेला जरी धरला तरी रोजचे ३१ ग्रॅम वाचतात. महिन्याचे झाले ९३० ग्रॅम. जवळजवळ एक किलो साखर एका म्हाताऱ्या शरीरात दर महिन्याला जात होती, ती आता जात नाही. एवढी शिल्लक आमच्या लेखी मोठी आहे.

शेवटी संस्थेपुढे एक सूचना ठेवून आम्ही रजा घेतो. दरवर्षी १४ एप्रिलला भर उन्हात आपण मोठ्या प्रेमाने सरबत वाटतो. ते बंद करा असे आम्ही म्हणत नाही. लहान मुले त्याची वाट पाहत असतात. पण त्या पिंपाशेजारी दुसरे एक पिंप ठेवावे: काकडी, पुदिना आणि जिरे घातलेल्या ताकाचे. त्यावर ठळक अक्षरांत लिहावे, ‘साखर नाही’. खर्च फार येणार नाही. विद्यार्थी मित्रांनी आदल्या रात्री काकड्या किसून द्यायचे पत्करले तर ताक घुसळण्याचे काम आम्ही आणि आमचे बँकेतले सोबती अंगावर घेतो. मिरवणुकीत आलेल्या एखाद्या आजीने हात पुढे करून ‘मला चालत नाही रे बाळा’ म्हणत तो मागे घ्यावा, असे आपल्या टेबलापाशी होऊ नये.